जिनिव्हाच्या आधी दोन महिन्यांची मुदत बघा

तुम्ही लिहिलंय की म्युनिकमध्ये घराच्या जाहिरातीवर स्वतःच्या नावाने मेल केल्यावर "घर गेलं" असं उत्तर आलं, आणि त्याच संध्याकाळी तुमच्या जर्मन सहकाऱ्याला मात्र घर बघायची वेळ मिळाली. आता जिनिव्हाला यूएनच्या वंशभेदविरोधी समितीकडे थेट तक्रार करता येईल का, हा तुमचा प्रश्न. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही आणि कायदे बदलत असतात, तेव्हा पाऊल उचलण्याआधी वकिलाला विचाराच.

तक्रार करता येते, पण अगदी शेवटी. 1965 च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 14 व्यक्तीला हा हक्क देतं, मात्र त्या देशाने ते कलम वेगळं मान्य केलेलं असावं लागतं. जर्मनीने 2001 मध्ये केलं. भारताने करार 1968 मध्येच स्वीकारला, पण हे कलम नाही. अट अशी की आधी इथले सगळे कायदेशीर मार्ग संपवायचे आणि मग सहा महिन्यांत अर्ज करायचा.

आणि इथल्या मार्गावर पहिल्याच पायरीला घोडं अडतं. जर्मनीच्या 2006 च्या समान वागणूक कायद्यानुसार, म्हणजे आगेगेनुसार (AGG), घरमालकाकडे भरपाईची मागणी दोन महिन्यांत करावी लागते. ही मुदत मला कुणीही सांगितली नाही. मी ज्या सल्ला कार्यालयात गेले तिथल्या बाई गोड बोलल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, आम्ही मालकाकडून खुलासा मागवतो, तोवर तुम्ही काही पाठवू नका. खुलासा आला तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्यात एकच ओळ होती: अधिक योग्य भाडेकरू मिळाला. फाइल बंद. ज्यांचं कामच हे, त्यांनी पहिल्या भेटीत मुदतीबद्दल अवाक्षर काढू नये, याचा मला आजही संताप येतो. सल्ला केंद्रात तक्रार नोंदवल्याने मुदत थांबत नाही, हे कोरून ठेवा. बर्लिनची केंद्रीय भेदभावविरोधी संस्था फुकट सल्ला देते, समोरच्याचं म्हणणं मागवते, पण तुमच्या वतीने खटला भरत नाही. तिच्याकडे जरूर जा, पण मालकाला पत्र टाकून मग जा. पत्र आइनश्राइबनने, म्हणजे रजिस्टर्ड पोस्टानेच पाठवा, पोचपावती हातात राहते.

पुरावा म्हणून दोन्ही मेल वेळेसकट जपा आणि सहकाऱ्याकडून झालेला प्रकार सहीनिशी लिहून घ्या. आगेगेच्या कलम 22 प्रमाणे भेदभाव झाल्याची चिन्हं तुम्ही दाखवलीत की तसं नव्हतं हे सिद्ध करणं मालकाच्या अंगावर येतं. पण फोन रेकॉर्ड करू नका. संमतीशिवाय केलेलं रेकॉर्डिंग इथे गुन्हा आहे, उलट तुम्हीच अडकाल. वकील-कोर्टाचा खर्च देणाऱ्या विम्याचा आधार असेल तर पॉलिसी नीट वाचा. घटना घडल्यावर काढलेला विमा त्या घटनेला सहसा चालत नाही.

मग जिनिव्हाचा उपयोग काय? माझ्या मते आहे. डेन्मार्कमधल्या हबासींना परदेशी नागरिक म्हणून बँकेने कर्ज नाकारलं. त्यांच्या डॅनिश पत्नीने अर्ज केला तर मंजूर झालं. पोलिसांनी बँकेचं म्हणणं तसंच मान्य केलं. 1999 मध्ये समितीने डेन्मार्कलाच दोषी धरलं, कारण नकाराचं खरं कारण कुणी नीट तपासलंच नव्हतं. समितीचं मत न्यायालयाच्या हुकुमासारखं बंधनकारक नसतं, पण सरकारला जगासमोर उत्तर द्यावं लागतं. स्थानिक कार्यालयांच्या ढिलाईवर मला तरी याहून चांगला उपाय दिसलेला नाही.

थोडं विषयांतर, पण बोलायलाच हवं. आपलेच लोक इथे खोली भाड्याने देताना "फक्त अमुक आडनावाच्या शाकाहारी कुटुंबाला" असं लिहितात, ते मला तितकंच खुपतं. वंशपरंपरेवरून होणाऱ्या भेदभावात जातही येते, असं याच समितीने 2002 मध्ये स्पष्ट केलंय. भारत सरकारला ते मान्य नाही, मला आहे.

तुमच्या नकाराला किती दिवस झाले ते लिहिलेलं नाही. दीड महिना उलटला असेल तर उद्याच वकील किंवा भाडेकरू संघटना गाठा. पत्राचा मसुदा नावं खोडून दाखवलात तर मी वाचून सांगेन.