सॅन अँटोनिओ स्पर्सच्या २०१४ च्या विजेत्या संघातील खेळाडू कोणत्या घरांतून आले होते?

आपण विचारले आहे की, २०१४ साली एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, विजेतेपद मिळवणाऱ्या सॅन अँटोनिओ स्पर्स या संघात अमेरिकेबाहेरचे इतके खेळाडू कसे जमले आणि त्यांची घरची पार्श्वभूमी काय होती. मी श्रीवर्धन तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि बास्केटबॉल शिकू पाहणाऱ्या मुलांना बरीच वर्षे याच संघाची उदाहरणे देत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘कसे जमले’ याचे उत्तर एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आहे. आदल्या हंगामात जो संघ अधिक हरला, त्याला नवे खेळाडू निवडण्याची संधी साधारणपणे आधी मिळते. १९९६-९७ मध्ये स्पर्सने ८२ पैकी केवळ २० सामने जिंकले आणि पुढच्या निवडीत त्यांना पहिल्या क्रमांकाने टिम डंकन मिळाला. त्यानंतर संघ सतत जिंकत राहिला आणि त्यामुळे निवडीच्या रांगेत सतत मागे राहिला. नावाजलेली अमेरिकन मुले आधीच संपलेली असत. मग इतर संघ ज्या गावांकडे फारसे पाहत नव्हते, तिथे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या पाहण्याचे फळ असे की, २०१३-१४ च्या हंगामात त्यांनी ६२ सामने जिंकले, अंतिम मालिकेत मायामी हीटला ४-१ असे हरवले आणि त्या संघातील निम्म्याहून अधिक खेळाडू अमेरिकेच्या मुख्य भूमीबाहेर जन्मलेले होते.

डंकनबद्दल मला सर्वांत आधी लिहायचे आहे, कारण त्याची गोष्ट आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना चटकन कळते. तो कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉई या अमेरिकेच्या ताब्यातील बेटावरचा. वडील गवंडी, आई सुईण. थोरली बहीण ट्रिशिया १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती आणि टिमलाही जलतरणपटूच व्हायचे होते. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ आले आणि बेटावरचा ऑलिंपिक मापाचा एकमेव तलाव उद्ध्वस्त झाला. समुद्रात सराव करायचा, तर त्याला शार्क माशांची भीती वाटे. पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. पोहणे तिथेच सुटले. नंतर दुसऱ्या एका थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने त्याला बास्केटबॉलचे धडे दिले. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने आमच्याकडे माडा-पोफळीच्या बागा झोपवल्या आणि शाळेच्या मैदानातला बास्केटबॉलचा लोखंडी खांब मुळापासून वाकवला, तेव्हा मुलांना मी ही हकीकत सांगितली होती. वर्गात इतकी शांतता मी क्वचितच अनुभवली आहे. डंकनने पदवी पूर्ण करण्याचा शब्द आईला दिला होता, म्हणून एनबीएचे दार आधीच उघडे असतानाही तो वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षे शिकला आणि मानसशास्त्राची पदवी घेऊनच बाहेर पडला. पुढे १९ हंगाम तो एकाच संघाकडून खेळला आणि त्याने पाच विजेतेपदे मिळवली.

मनू जिनोबिलीचे घर याहून अगदी वेगळे. अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका हे बंदराचे शहर फुटबॉलवेड्या देशात असूनही बास्केटबॉलवर जीव टाकते. आमच्या रायगडात जसे वाडीवाडीला कबड्डीचे मंडळ असते आणि मूल चालू लागले की मैदानाच्या कडेला बसून मोठ्यांचे डाव पाहू लागते, तसेच तिथे गल्लीगल्लीत बास्केटबॉलचे क्लब आहेत. मनूचे वडील असाच एक क्लब चालवण्यात गुंतलेले प्रशिक्षक होते आणि लेआंद्रो व सेबास्तियान हे दोन्ही थोरले भाऊ व्यावसायिक खेळाडू झाले. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये मनूचे नाव ५७ व्या क्रमांकावर, म्हणजे शेवटून दुसरे, पुकारले गेले. तोवर तो इटलीत खेळू लागला होता. तिथे बोलोन्याच्या संघाबरोबर युरोलीग, म्हणजे युरोपातील क्लबांची अव्वल स्पर्धा, जिंकून २००२ मध्ये तो सॅन अँटोनिओला आला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाने उपांत्य सामन्यात अमेरिकेला ८९-८१ असे हरवून पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या संघात मनूखेरीज पेपे सांचेझ आणि आलेहांद्रो मोंतेक्किया हे आणखी दोघे बाहिया ब्लांकाचेच होते. एकाच गावातून तीन सुवर्णपदक विजेते कसे निघतात, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने राष्ट्रीय योजनांपेक्षा गल्लीतले क्लब पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोनी पार्करचे वडील शिकागोचे. ते युरोपात व्यावसायिक बास्केटबॉल खेळत असताना टोनीचा जन्म बेल्जियममधील ब्रूज येथे झाला. आई डच, आणि बालपण फ्रान्समध्ये. बोरिस डियॉची आई एलिझाबेथ रिफिओ फ्रान्सच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघातील खेळाडू होती, तर सेनेगलचे वडील उंच उडी मारणारे. पार्कर आणि डियॉ किशोरवयात पॅरिसच्या राष्ट्रीय क्रीडा प्रबोधिनीत एकत्र शिकले. २०१२ मध्ये दुसऱ्या संघाने डियॉला मोकळे केले, तेव्हा तो या जुन्या मित्राच्या संघात आला.

टियागो स्प्लिटर हा ब्राझीलमधील जॉइनव्हिलीचा. पंधराव्या वर्षी घर सोडून तो स्पेनमध्ये खेळायला गेला. मार्को बेलिनेली इटलीचा, कोरी जोसेफ कॅनडाचा, आणि अ‍ॅरन बेन्स न्यूझीलंडमध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात वाढलेला.

अमेरिकन खेळाडूंची घरेही पाहावीत, कारण ‘परदेशी’ या शब्दावर लक्ष खिळले की ती नजरेतून सुटतात. क्वाय लेनर्ड लहानपणी कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथे वडिलांच्या गाड्या धुण्याच्या केंद्रावर त्यांना हातभार लावत असे. २००८ मध्ये तिथेच वडिलांचा गोळी घालून खून झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी तो शाळेच्या संघातून सामना खेळला. २०१४ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडूचा मान बावीस वर्षांच्या याच मुलाला मिळाला. डॅनी ग्रीनला तर खुद्द स्पर्सनेच आधी संघातून काढून टाकले होते आणि मग पुन्हा बोलावले होते.

अशी माणसे एकत्र नांदली, याचे बरेचसे श्रेय मी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांना देतो. ते अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत सोव्हिएत अभ्यास हा विषय घेऊन पदवीधर झाले, आणि खेळाडू कुठून आला आहे हे जाणून घेणे त्यांना प्रशिक्षणाचाच भाग वाटत असे. राखीव खेळाडू पॅटी मिल्सचे उदाहरण घ्या. त्याचा जन्म ऑस्ट्रेलियातील कॅनबेराचा; वडील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांच्या मूळ रहिवाशांपैकी, तर आई आदिवासी समाजातील, जिला लहानपणी सरकारी धोरणानुसार आईवडिलांपासून तोडून नेण्यात आले होते. या दोघांनी कॅनबेरात मूलनिवासी मुलांसाठी स्वतःचा बास्केटबॉल क्लब काढला आणि पॅटी तिथेच खेळू लागला. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. तो खटला लढणारे एडी माबो हे पॅटीचे नातलग. २०१४ मध्ये अंतिम मालिका तोंडावर आली असताना, त्याच ३ जूनला, पॉपोविच यांनी साऱ्या संघाला माबो कोण होते हे सांगितले. मालिकेच्या शेवटच्या सामन्यात मिल्सने १७ गुण केले. विजयानंतर त्याने खांद्यावर टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांचा ध्वज घेतला होता. त्या ध्वजातले हिरवे पट्टे जमिनीचे आहेत आणि मधला रुंद निळा समुद्राचा.