अकरावीचे मार्क आणि खाडीवरची वही

ऐरोलीहून बारावीतल्या एका मुलाचं पत्र आलं आहे. तो लिहितो: "ताई, दहावीला मराठी माध्यमातून ९१ टक्के होते. अकरावीत सायन्स घेतलं आणि ५४ वर आलो. फिजिक्समध्ये तर जेमतेम पास. ठाण्याच्या क्लासला म्हणून निघायचो आणि दिवागावच्या खाडीवर जाऊन बसायचो. घरी अजून माहीत नाही. आता मार्क सुधारलेत आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करतोय. निबंधात काय लिहू? सल्लागार म्हणतात, आजी आजारी होती असं लिही. आजी ठणठणीत आहे. खाडीवर एक कोळीकाका भरतीच्या वेळा काढायला शिकवायचे, मी वहीत टिपून ठेवायचो. वर्षभरात तेवढंच काय ते केलं."

बाळा, आजीचं आजारपण लिहू नकोस. अर्ज पाठवताना सगळी माहिती खरी असल्याचं तू सही करून सांगतोस. खोटं उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. आणि धडधाकट आजीला मार्कांसाठी अंथरुणाला खिळवायचं, हे तुलाही पटलेलं नाही. पटलं असतं तर तू मला विचारलंच नसतंस.

मार्क का घसरले ते जरूर सांग, पण निबंधात नको. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना एकत्र अर्ज करायच्या वेबसाइटवर, मुख्य निबंधाला ६५० शब्द मिळतात आणि अधिक माहितीसाठी वेगळी जागा असते. तिथे चार-पाच वाक्यं लिही: माध्यम बदललं, समजेनासं झालं, विचारायची लाज वाटली, क्लास बुडवले, बारावीत असं सावरलं. बस्स.

निबंधासाठी तुझं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हाच ना काकांचा हिशोब? अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. म्हणजे भरती रोज पंचेचाळीस मिनिटं उशिरा. प्रत्यक्षात चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच पुढे सरकते. अरे, फिजिक्सचं पुस्तक उघडायला घाबरणारा मुलगा चिखलाच्या काठावर बसून चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी ठेवत होता! याला तू "तेवढंच" म्हणतोस?

वही काढ. हिशोबाप्रमाणे पाणी चढायला हवं होतं आणि चढलं नाही, असा एखादा दिवस त्यात सापडेल. तू काकांना काय विचारलंस, ते काय म्हणाले, दुसऱ्या दिवशी तू काय पाहिलंस? तिथूनच सुरुवात कर. खाडीवरच्या फ्लेमिंगोंच्या वर्णनाचा मोह होईल, दोन ओळींत आवर. जिद्द, संघर्ष हे शब्द तर नकोतच.

एक अवघड काम मात्र आधी करावं लागेल. हा निबंध लिहायचा तर तू क्लासला जात नव्हतास हे आई-बाबांना तुझ्या तोंडून कळायला हवं, अर्ज वाचून नव्हे. फीचे पैसे त्यांनी कसे उभे केले हे तुला ठाऊक असेल, म्हणूनच तोंड उघडत नाही तुझं. बाबा चिडतील, चिडू दे. मध्येच सफाई देऊ नकोस. त्यांचं बोलून झालं की वही त्यांच्या हातात दे.

आणि खाडीवर एक चक्कर मार. आपल्याबद्दल लिहिलेलं चालेल का, हे काकांनाही विचारून घे.