क्राकडोससाठी 741 का चालत नाही?

तुम्ही विचारलंय, की स्टाइम या डच इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओचा क्राकडोस (क्रॅकलबॉक्स), म्हणजे बोटांच्या स्पर्शाने वाजणारं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य, घरी बनवताना त्यातल्या 709 या चिपऐवजी सहज मिळणारी 741 वापरली तर चालेल का. नाही चालणार, आणि त्याचं कारण कळलं की हे वाद्यही कळतं.

1950च्या दशकात आइंडहोव्हनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत आणि 1960 नंतर उट्रेख्टच्या विद्यापीठ स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक संगीत मुख्यतः टेपवर रचलं जाई. श्रोत्यांसमोर येईपर्यंत सगळं ठरलेलं असे. अ‍ॅम्स्टरडॅमचं स्टाइम 1969 मध्ये सुरू झालं ते इलेक्ट्रॉनिक संगीत मंचावर जिवंत वाजावं म्हणून. मिशेल वाइसविझ यांनी 1970च्या दशकात तिथे त्याचं टोक गाठलं: वाजवणाऱ्याची त्वचाच सर्किटचा भाग केली. सुमारे 4000 क्राकडोस विकले गेले. डच इलेक्ट्रॉनिक कलेतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं वळण हेच.

709 हा 1965चा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप (आयसी). तो स्थिर राहावा म्हणून पिन 1, 8 आणि 5 वर बाहेरून कपॅसिटर लावावे लागतात. ते लावलेच नाहीत तर त्याचं आउटपुट आपोआप वरखाली होत राहतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. 741 मध्ये 30 पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच आहे, शिवाय त्याची पिन 8 कशालाच जोडलेली नसते. म्हणजे बोटांनी बिघडवायची जागाच बंद.

मूळ नकाशापेक्षा सोपी जोडणी देतो. 9 व्होल्टची बॅटरी: धन टोक पिन 7 ला, ऋण पिन 4 ला. पिन 1, 2, 3, 5 आणि 8 पाच तांब्याच्या पट्ट्यांना. सहावी पट्टी पिन 6 ला, पण मध्ये 10 किलोओहम रेझिस्टर हवाच. 709 च्या आउटपुटला शॉर्टपासून संरक्षण नाही, थेट जोडला तर चुकून झालेल्या एका स्पर्शाने आयसी जाऊ शकते. पट्ट्यांमध्ये 2-3 मिलिमीटर अंतर ठेवा, म्हणजे एका बोटाखाली दोन येतील.

आवाजासाठी 709 च्या पिन 6 पासून 10 मायक्रोफॅरड, मग 100 किलोओहम, मग 10 किलोओहमचा व्हॉल्यूम (दुसरं टोक ऋणाला), आणि त्याच्या मधल्या पायापासून एलएम386 या अँप्लिफायर चिपची पिन 3. तिच्या पिन 2 आणि 4 ऋणाला, पिन 6 धनाला. पिन 5 पासून 220 मायक्रोफॅरडमधून 8 ओहमचा स्पीकर, त्याचं दुसरं टोक ऋणाला. 100 किलोओहम गाळू नका, नाहीतर 386 च्या इनपुटवर झेपणार नाही इतका व्होल्टेज जातो. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये 100 मायक्रोफॅरड लावा.

काहीच वाजत नसेल तर आधी बोटं पाहा. कोरड्या त्वचेचा रोध मेगाओहमपर्यंत जातो. बोटं किंचित ओली करा. दाब वाढला की स्पर्शाचं क्षेत्र वाढतं, रोध कमी होतो आणि सूर सरकतो. कधी आउटपुट एका टोकाला चिकटून बसतं. हात काढून पट्ट्यांची दुसरी जोडी धरा. 14 पायांची 709 मिळाली तर पिनांचे क्रमांक वेगळे असतात, डेटाशीट पाहूनच जोडा.

एक नियम मात्र कधीही मोडू नका: फक्त बॅटरी. अ‍ॅडॉप्टर नको, भिंतीच्या विजेवर चालणारा अँप्लिफायरही जोडू नका. इथे तुमचं शरीर सर्किटमध्ये आहे. स्वस्त अ‍ॅडॉप्टरचं इन्सुलेशन गेलं तर वीज सरळ बोटांतून जाईल.