पेन्शनच्या फाइली लावणं म्हणजे मानवी हक्कांचं काम का?

प्रश्न : कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. मानवी हक्कांची वकील व्हायचंय. इंटर्नशिप मात्र पेन्शन आणि अपंगत्व भत्त्याचे दावे लढवणाऱ्या एका वकीलबाईंकडे मिळाली. दोन महिने नुसत्या फाइली लावतेय. घरचे म्हणतात, यात ना नाव, ना पैसा. सोडून देऊ का?

उत्तर : अगं, सोडू नकोस. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २२वं कलम काढून वाच. सामाजिक सुरक्षा हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. पण हा हक्क आणि माणसाच्या हातात पडणारी रक्कम यांच्यामध्ये एक फाइल असते. तीच तू लावतेयस.

नेदरलँड्समधल्या ब्रोक्सबाईंचं प्रकरण बघ. त्या नर्स होत्या, आजारपणात नोकरी गेली. पुढे बेकारी भत्ता नाकारला गेला, कारण घर आपल्याच कमाईवर चालतं हे विवाहित बाईला सिद्ध करावं लागे. विवाहित पुरुषाला ही अट नव्हती. त्या थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेल्या आणि १९८७ मध्ये समितीने हा भेदभाव असल्याचं सांगितलं. मूळ भांडण कशाचं, तर एका भत्त्याचं!

उद्या ऑफिसात गेलीस की दावा नाकारल्याचं एक पत्र घेऊन तासभर बस. पत्रावरची तारीख एक, ते पक्षकाराच्या हाती पडल्याची दुसरी. अपिलाची मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून पाकीटसुद्धा फेकायचं नाही. मग कारण वाच. ‘कागदपत्रं अपुरी’ म्हटलं असेल, तर नेमका कुठला कागद? तो कधी मागितला होता का? वैद्यकीय अहवालात ‘हाताची हालचाल शक्य’ एवढंच असेल, तर थांब. हात हलतो, पण भरलेली बादली उचलता येते का? दिवसभरात किती वेळा? हे पक्षकाराला विचार, त्याच्याच शब्दांत लिहून घे आणि डॉक्टरांकडून त्याच प्रश्नाचं लेखी उत्तर आण. माझ्या मते या वकिलीतलं खरं कसब इथे आहे, कोर्टातल्या भाषणात नाही.

घरच्यांची काळजी मात्र खरी आहे, ती उडवून लावू नकोस. ज्याचं उत्पन्न थांबलंय तो फी कुठून देणार? केवळ अशा दाव्यांवर स्वतंत्र वकिली उभी करणं अवघड जातं. जोडीला कामगार कायदा किंवा अपघात भरपाईची प्रकरणं घे. कामगार संघटना, कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था, सरकारी विभाग इथेही या विषयाचे जाणकार लागतात. विमा संस्थेच्या बाजूने काही वर्षं काम केलंस तरी मी नावं ठेवणार नाही. दावा आतून कसा तपासतात ते कळतं.

मानवी हक्कांच्या उच्चशिक्षणाची घाई करू नकोस. आधी काही अपिलं पहिल्या कागदापासून निकालापर्यंत बघ. पेन्शनसाठीची वर्गणी किती महिने भरली, खंड कुठे पडला, ही आकडेमोड स्वतः कर. आणि बाईंना विचार, पुढच्या सुनावणीला मी येऊ का? त्या दिवशी पक्षकाराच्या शेजारच्या खुर्चीवर बस.