ल्यूसिफर म्हणजे दिवटा

नागपूरच्या सदर भागातल्या एका तरुण भावाचा प्रश्न आलाय. त्यांच्या युवक संघाच्या नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेत 'वर्शिप लीडर' (चर्चमध्ये गाणी चालवणारा) हा शब्द मराठीत छापायचा आहे. 'आराधनाप्रमुख' लिहायचं की 'उपासनाप्रमुख', यावर संघात दोन तट पडले. त्यातच एका पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं की या पदावर सर्वांत आधी बसला तो ल्यूसिफर, म्हणजे पडण्याआधीचा सैतान. स्वर्गातलं सगळं गायन त्याच्या हाताखाली होतं, त्याच्या अंगातच डफ आणि बासऱ्या घडवलेल्या होत्या, मग त्याला गर्व झाला आणि तो पडला. तेव्हा असं पद पत्रिकेत ठेवावं तरी का, ही भावाची दुसरी शंका.

आधी 'वर्शिप'चं बघू, कारण हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटलेत. रविवारी उशिरा येणारा माणूस दारातच विचारतो, "वर्शिप झालं का? मेसेज सुरू झाला का?" म्हणजे गिटार आणि कीबोर्ड वाजत होतं तोवर वर्शिप, आणि पाळक बोलायला उभे राहिले की ते संपलं. मग प्रार्थना, शास्त्रवाचन (म्हणजे बायबलवाचन), अर्पण, प्रभुभोजन यांना काय म्हणायचं? इंग्रजी शब्दात 'वर्थ' आहे, म्हणजे मोल, योग्यता. ज्याचं मोल आहे त्याला ते देणं म्हणजे वर्शिप. गाण्याचा त्यात मागमूस नाही. हिब्रूतला शब्द तर भुईवर पालथं पडण्याचा आहे, सरळसरळ आपला दंडवत. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायात अब्राहाम चाकरांना सांगतो की तुम्ही इथे गाढवाजवळ थांबा, मी आणि मुलगा पलीकडे जाऊन आराधना करून येतो. सोबत काय घेतलं त्याने? लाकडं, विस्तव आणि सुरा. वाद्य एकही नाही.

उपासना म्हणजे जवळ बसणं आणि आराधना म्हणजे प्रसन्न करणं, हे कोणत्याही कोशात मिळेल, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात आणून देतो की मराठी मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, गीतपुस्तकाचं नाव 'उपासना संगीत' आहे. उपासना मोठी, संगीत तिच्यातलं. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना फरक ठाऊक होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी इंग्रजी चालींऐवजी अभंग आणि भजनं मंडळीत आणली, तीही उपासनेसाठी. गाणं म्हणजेच उपासना, असा त्यांचा हिशेब नव्हता.

आता ते डफ आणि बासऱ्या. हे येतं बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातून, 28:13 मधून. 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात तिथे वाद्यं आहेत: तुझ्या डफांची आणि बासऱ्यांची कारागिरी तू निर्माण झालास त्या दिवशी तुझ्यात तयार होती, अशा अर्थाचं वाक्य. या एका वाक्यावर स्वर्गातला अख्खा वाद्यवृंद उभा केलेला आहे. पण अध्याय वाचा तरी! बाराव्या ओवीत (म्हणजे वचनात) स्पष्ट म्हटलंय की हा विलाप सोरच्या राजासाठी आहे. सोर म्हणजे समुद्रकाठचं व्यापारी शहर, आणि व्यापारातून आलेल्या संपत्तीने त्या राजाचं डोकं फिरलं, ही तिथली तक्रार. त्याच ओवीत त्याच्या अंगावरच्या रत्नांची यादी आहे. हिब्रू पाठात मोजून नऊ रत्नं आणि मग सोनं. सोन्यापाठोपाठ ते दोन शब्द येतात, 'तोफ' आणि 'नेकेव' यांची अनेकवचनं.

'तोफ' म्हणजे हातात धरायचा गोल डफ. समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम हिने हातात घेतला तोच. आणि हा शब्द आपल्या घरचा आहे! हिब्रू 'तोफ' आणि अरबी 'दफ्फ' ही सख्खी भावंडं. अरबीतून तो फारसीत 'दफ' झाला आणि तिथून आपल्याकडे 'डफ'. तोच अरबी शब्द पश्चिमेला गेला आणि पोर्तुगालात 'अदूफे' होऊन बसला, आजही तिथल्या बाया तो चौकोनी डफ वाजवतात. शाहिराच्या हातातल्या डफाला 'डफ डफ वाजतो म्हणून डफ' अशी व्युत्पत्ती लावून मोकळे होणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. आवाजावरून शब्द होतात हे खरं, पण ज्या शब्दाचा मुक्काम-दर-मुक्काम प्रवास समोर दिसतो, त्याला आवाजाच्या पोत्यात कोंबणं हा आळस आहे. (आपली लढाईतली तोफ मात्र तुर्कीतून आलेली. तिचा आणि या तोफचा काही संबंध नाही.)

'नेकेव' म्हणजे निव्वळ भोक. टोचून, कोरून पाडलेलं. वाद्य या अर्थाने हा शब्द शास्त्रात दुसरीकडे कुठेही नाही. बासरीसाठी हिब्रूत 'हालील' हा चांगला रुळलेला शब्द आहे. संदेष्ट्याला बासरीच म्हणायची असती तर तो हाताशी होता. भाषांतरकारांनी शेजारी डफ पाहिला आणि भोक दिसल्यावर बासरी करून टाकली.

मग डफ आणि भोक मिळून होतं काय? याचं उत्तर मला इतवारीच्या सराफ्यात मिळालं. बायकोच्या अंगठीतला खडा पडला होता, तो बसवायला गेलो. कारागिराने अंगठी लाखेत पक्की केली आणि बारीक गिरमिटाने सोन्यात खड्याएवढं घर कोरलं. भोवती पातळ, उभा गोल काठ राहिला. मग घराच्या तळाला आरपार भोक पाडलं. मी विचारलं, भोक कशाला? मान वर न करता तो म्हणाला, "आधी घर कोरा लागते भाऊ, मंग त्याले खालून भोक. उजेड नाई लागला त खडा आंधळा दिसते." खडा आत ठेवून त्याने तो काठ टोकदार दांडीने चहूबाजूंनी आत दाबला. मी वाकून पाहत होतो. गोल कडं, त्यावर ताणून बसवलेलं झाकण, पोटात पोकळी. हा नखाएवढा डफच होता! आणि त्याच्या तळाला नेकेव.

आजची बहुतेक भाषांतरं तिथे 'कोंदणं' अशाच अर्थाचा शब्द देतात, ते बरोबर आहे. नऊ रत्नं, मग सोनं, मग कोंदण आणि त्याची छिद्रं. वाक्य सराफाच्या ओळीत चाललंय, मध्येच वाजंत्री यायचं कारण काय? कोंदणाला 'तोफ' का म्हटलं असेल यावर पंडित अडखळतात. माझं मत सरळ आहे. कडं असलेल्या गोल पोकळ वस्तूला कारागीर आपल्या ओळखीच्या वस्तूचं नाव देतो. आपणही कोंदणाला 'खड्याचं घर' म्हणतो, म्हणून त्यात कोणी राहत नाही.

आता ल्यूसिफर. यासाठीच मी लिहायला बसलो.

हे नाव येतं यशया 14:12 वरून. तिथेही आधी चौथी ओवी वाचायची: हे बाबेलच्या राजाला उद्देशून म्हटलेलं, त्याला टोचणारं गीत आहे. अकराव्या ओवीत त्याच्या वीणांचा नाद अधोलोकात उतरल्याचं म्हटलंय, तेही राजवाड्यातल्या मेजवान्यांचं संगीत. मग बारावी ओवी. मराठी शास्त्रात फार सुंदर उतरली आहे: 'हे देदीप्यमान ताऱ्या, प्रभातपुत्रा, तू आकाशातून कसा पडलास!' मूळ हिब्रूत 'हेलेल बेन शाहर', पहाटेचा मुलगा हेलेल. म्हणजे आपली शुक्राची चांदणी. ती पहाटे उगवते, सगळ्या ताऱ्यांहून तेजस्वी दिसते, वर चढू लागते, पण आकाशाच्या माथ्यावर पोचायच्या आत सूर्य येतो आणि ती दिसेनाशी होते. राजा पुढच्या दोन ओव्यांत पाच वेळा 'मी हे करीन, मी ते करीन' म्हणतो. मी आकाशात चढेन, मी ताऱ्यांहून उंच आसन मांडीन. कवीने पहाटेच्या आकाशातलं हे चित्रच राजाच्या अंगावर फेकलंय. जेरोम या धर्मपंडिताने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना तिथे शुक्रासाठी रोजच्या वापरातला शब्द घातला, 'लूकिफेर', प्रकाश वाहणारा. ते कोणाचं नाव नव्हतं. त्याच लॅटिन शास्त्रात 2 पेत्र 1:19 मध्ये विश्वासणाऱ्यांच्या अंतःकरणात उगवणारा पहाटतारा हाही 'लूकिफेर'च आहे. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीचे एक बिशप होते, त्यांचं नावच ल्यूसिफर. प्रकटीकरण 22:16 मध्ये तर प्रभू येशू स्वतःला पहाटेचा तेजस्वी तारा म्हणवतो.

तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने सोर आणि बाबेलच्या राजांवरच्या या दोन्ही गीतांमागे सैतान पाहिला आणि पुढे तेच रूढ झालं. ओरिजेन मोठा माणूस, पण इथे त्याच्यामुळे एका साध्या ताऱ्याचा सैतान झाला. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याने हा अर्थ अज्ञानातून आलेला आहे असं स्पष्ट लिहून ठेवलंय, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. येशूने सैतान पडताना पाहिला तो लूक 10:18 मध्ये, आणि तिथे उपमा विजेची आहे, ताऱ्याची नाही.

'हेलेल'मध्ये 'हालेलूया'तलेच वर्ण आहेत, म्हणून तो स्तुतीचा प्रमुख, असंही काही उपदेशक सांगतात. हे चुकीचं आहे. हिब्रूत चमकण्याचा धातू आणि स्तुतीचा धातू वर्णांनी सारखे दिसतात, पण कोशकार त्यांची नोंद वेगवेगळी करतात. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे पट्टी, म्हणून महापालिका आपल्याकडून हात मागते असं कोणी म्हणेल का?

चमकण्याच्या त्या धातूशी अरबी 'हिलाल' जोडतात, म्हणजे नवी चंद्रकोर. आणि मराठीत हिलाल म्हणजे? मशाल! ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रत्येकाला गडावरचे पेटते हिलाल आठवतील. चंद्राची कोर आपल्याकडे येता येता हातात धरायचा उजेड झाली. म्हणजे हेलेलचं नातं आपल्या हिलालाशी, आणि लॅटिन लूकिफेर म्हणजे तो हिलाल वाहणारा. एका हातातून दुसऱ्या हातात मशाल जावी तसा हा शब्द पोचलाय.

आणि वाहणाऱ्याला अस्सल मराठी शब्द कोणता? दिवटा. दीपवर्ती, तिची दिवटी, मोठी असली की दिवटा, आणि ती धरून पुढे चालणारा तो दिवट्या किंवा दिवटा. माहूरच्या रेणुकेचे गोंधळी संबळ-तुणतुण्यासोबत जी तेल पाजलेली दिवटी नाचवतात, तीच ही. आता या शब्दाचं पुढे काय झालं ते बघा. 'काय दिवटं कार्टं निघालं!' 'कुळाचा दिवटा!' प्रकाश वाहणारा होता, तो घराचं नाव घालवणारा मुलगा झाला. पहाटेच्या पुत्राचं लॅटिनमध्ये जे झालं ते दिवट्याचं मराठीत झालं, आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. तिथेही पुत्र, इथेही पुत्र!

'कुलदीपक'चा उपरोध म्हणून 'दिवटा', एवढं सांगून लोक हा शब्द खाली ठेवतात. मला ते अपुरं वाटतं. मराठीत उजेडाची निंदा करणारं एक कुटुंबच आहे: 'दिवे लावलेस', 'मोठा उजेड पाडलास', 'दिवटा'. यातला दिवटा वेगळा अशासाठी की त्याच्या हातातला उजेड त्याचा नसतो. तेल मालकाचं, चिंध्या मालकाच्या, वरात दुसऱ्याची. तो उजेड आपलाच आहे अशा तोऱ्यात जो पोर बापाच्या तेलावर मिरवतो तो दिवटा, असं मला वाटतं. बाबेलच्या राजावर आरोप नेमका हाच होता.

शुक्र आपल्याकडे दैत्यांचा गुरू आहे. हा योगायोग मला फार आवडतो, पण त्यावरून दोन धर्मांचं मूळ एक असं काही ठरत नाही. तसे लेख कोणी पाठवू नयेत.

नागपूरच्या महाल भागातली लग्नाची वरात डोळ्यांपुढे आणा. पुढे बँड. त्याच्या दोन्ही अंगांनी डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेल्या बाया, मागून जनरेटरच्या गाडीची वायर. त्यातली एखादी बाई दमली की थांबते, मान हलू न देता दिवे सांभाळत पदराने घाम पुसते आणि पुन्हा चालू लागते. क्लॅरिनेट वाजवणारा वेगळा, दिवे धरणारी वेगळी. ल्यूसिफर या शब्दात दिवे धरणारा आहे, बँडमास्तर नाही. मूळ शब्दात जे काम नाही ते त्याच्या गळ्यात बांधायचं आणि मग त्या भीतीने मंडळीतल्या गाणाऱ्या पोरांकडे संशयाने पाहायचं, याचा मला खरोखर राग येतो. एका मंडळीत याच कारणाने ढोलकी बंद झाल्याचं मी पाहिलंय.

भावाचा प्रश्न पत्रिकेचा होता. त्याला शब्द शास्त्रातच तयार आहे. स्तोत्रसंहितेत 55 स्तोत्रांच्या माथ्यावर एक हिब्रू पदनाम येतं आणि मराठीत ते 'मुख्य गवयासाठी' असं छापलेलं असतं. मुख्य गवई. विदर्भात तर गवई आडनावाची घरं गावोगाव आहेत, शब्द कोणाला परका वाटायचा नाही. मुलगी असेल तर मुख्य गायिका. कार्यक्रमाच्या क्रमात जिथे 'वर्शिप' लिहिलंय तिथे 'गीते' पुरे. 'उपासना' हा शब्द पत्रिकेच्या अगदी वर, प्रार्थनेपासून आशीर्वादापर्यंत सगळ्याचं नाव म्हणून मोठ्या अक्षरात घ्या. आणि ढोलकी वाजवणाऱ्याचं नावही छापा.