प्रायश्चित्त म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षाच ना? आणि इंग्लिशमधलं पेनन्स तेच का?

शिक्षा नाही हो, मुळात ती दुरुस्ती आहे. ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे वेदांतले यज्ञविधी समजावणाऱ्या ग्रंथांत, हा शब्द येतो तो यज्ञाच्या संदर्भात, म्हणजे अग्नी विझला, भांडं फुटलं, मंत्र चुकला तर काय आहुती देऊन ते सांधायचं, ते प्रायश्चित्त. माणसाच्या पापाला तो नंतर ठळकपणे लागला, याज्ञवल्क्यस्मृतीत तर आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन भागच आहेत. पारंपरिक फोड अशी की प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय.

आता मला जे फार महत्त्वाचं वाटतं ते. मनुस्मृतीच्या 11व्या अध्यायात पाप सुटायचे मार्ग सांगताना पहिला आहे ख्यापन, म्हणजे चारचौघांत सांगून टाकणं, मग पश्चात्ताप, तप, अध्ययन, आणि दान आहे ते अडचणीच्या वेळेला. आपण नेमकं उलटं केलं. आमच्या इंदूरला मराठी घरात मुंज असली की गुरुजी आधी राहिलेल्या संस्कारांचं प्रायश्चित्त सांगतात, संकल्पात कृच्छ्र, म्हणजे उपासाचं कडक व्रत, हा शब्द येतो, यजमान पाणी सोडून दक्षिणा ठेवतो की झालं! खरं प्राजापत्य कृच्छ्र 12 दिवसांचं असतं, 3 दिवस फक्त सकाळी जेवायचं, 3 दिवस फक्त रात्री, 3 दिवस न मागता मिळेल तेवढंच, आणि शेवटचे 3 कडकडीत उपास. त्याऐवजी गाय किंवा पैसे द्यायची सोय शास्त्रातच आहे, गुरुजींचा दोष नाही, पण सांगून टाकणं मात्र पार गळूनच गेलं ना.

ते मला इथल्या जैन शेजाऱ्यांकडे दिसतं. पर्युषण संपलं की लहानमोठे सगळे हात जोडून मिच्छामि दुक्कडम्, म्हणजे माझ्या चुकांची क्षमा असावी, असं म्हणतात, आणि त्यांच्याकडे प्रायश्चित्त हे अंतरंग, म्हणजे मनाच्या आतल्या, तपांत पहिलं धरतात, त्याची सुरुवातच आलोचना म्हणजे गुरूपुढे चूक बोलून दाखवण्यापासून होते.

पेनन्सचं म्हणाल तर तो लॅटिनमधल्या पश्चात्ताप अशा अर्थाच्या शब्दातून आलाय, तुरुंगाला पेनिटेन्शियरी म्हणतात तेही त्याच घराण्यातलं. कॅथलिक चर्चमध्ये फादरकडे कबुली देतात आणि फादर प्रार्थना किंवा एखादं सत्कृत्य नेमून देतात. आपल्याकडेही जाणत्या ब्राह्मणांच्या परिषदेपुढे पाप सांगायचं आणि तिनं प्रायश्चित्त ठरवायचं अशी रीत धर्मशास्त्रात आहेच, तेव्हा शब्द वेगळे असले तरी रीत बरीच जवळची. मोठा फरक म्हणजे चर्चमधली कबुली गुप्त राहते, आपली परिषदेपुढे व्हायची.