देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?

जय ख्रिस्त ताई. तुम्ही लिहिलंय की दर रविवारी चर्चला जातो, घरात संध्याकाळची प्रार्थना चुकत नाही, तरी मिस्टरांची नोकरी गेली, पाठोपाठ सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, आणि मंडळीतले लोक म्हणतात विश्वास कमी पडतोय, भरवसा ठेवा, तर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय. शेवटची ओळ वाचून हसूच आलं मला, कारण हाच प्रश्न मी आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पाद्रींना, विचारला होता, तोही रागात, उपासना सुटल्यावर पायरीवर चपला घालता घालता.

मी नगरची, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं. घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, संडे स्कूलमध्ये बायबलची वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेली, त्यामुळे विश्वास हा विषय आपला पक्का आहे असं वाटायचं. 2018 च्या नोव्हेंबरात मिस्टरांच्या पायांना सूज यायला लागली, बीपी वाढलं, आणि रिपोर्ट आले तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, कुठल्या कुठे गेलेलं, दोन्ही किडन्या जवळजवळ बंद. तेव्हापासून डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, मंगळवार गुरुवार शनिवार, एका वेळी चार तास, आणि जाऊन येऊन सगळा अर्धा दिवस. किडनी द्यायला मी तयार होते पण तपासणीत मला बाद केलं, आमच्या सासूबाईंचं वय आणि शुगर, त्यामुळे तोही रस्ता बंद. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं हा मोठा आधार, पण इंजेक्शनं, जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला पगार कुठल्याच योजनेत बसत नाही.

पहिले काही महिने मंडळीने काय केलं ते खरं सांगते. भेटायला पुष्कळ लोक आले. बरेच जण नारळपाणी घेऊन आले, जे किडनीच्या पेशंटला चालत नाही कारण त्यात पोटॅशियम. मी रोज शेजारच्या पोरांना नारळपाणी पाजत होते. एकांनी प्रार्थना करून उठताना विचारलं, घरात काही कबूल न केलेलं पाप राहिलंय का बघा. अहो, माझा नवरा म्हणजे भाजीवाल्याने पाच रुपये जास्त दिले तर परत चौकापर्यंत चालत जाणारा माणूस! आणि एक बाहेरून आलेले प्रचारक, आमच्या मंडळीचे नव्हेत, ते तर म्हणाले विश्वासाने मशीन सोडून द्या, प्रभू नवी किडनी देईल. मिस्टर शांतपणे म्हणाले, दिली की सोडतो. ताई, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर चहा पाजा आणि दार दाखवा. डायलिसिस सोडलं तर माणूस बऱ्याचदा दोन आठवडेही काढत नाही, आणि सासूबाईंचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग ते वेळेवर करा, त्यात अविश्वास काही नाही.

बायबलमधल्या ईयोबाचं आठवतं ना, ज्याच्यावर एकामागून एक संकटं आली? त्याचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तिथपर्यंत फार चांगले मित्र होते ते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तूच काहीतरी केलं असशील, कबूल कर, हेच कितीतरी अध्याय चालू. आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर, म्हणतो माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. आता ईयोब काय बोलला होता? जन्माला आलो तो दिवस जळो इथून सुरुवात, मग देवाला सरळ कोर्टात खेचण्याची भाषा. त्याला देव म्हणतो नीट बोललास. हे मी लहानपणापासून ऐकलेलं पण डायलिसिसच्या वेटिंगमध्ये मोबाईलवर वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं.

तेव्हा माझी प्रार्थना पूर्ण बंद पडली होती. डोळे मिटले की शब्दच यायचे नाहीत. रविवारी सगळे उभे राहून गायचे आणि मी गीताच्या पुस्तकात बघत नुसती उभी. घरी रात्री एक सवय लागली होती, ती सांगते. डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात, शीर आणि रोहिणी जोडून टाकतात, आणि तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी गुरगुरतं, मांजर मांडीवर झोपल्यावर गुरगुरतं ना अगदी तसं. डॉक्टरांनी सांगितलं होतं रोज बघत जा, गुरगुर थांबली तर ताबडतोब घेऊन या. मी रात्री दोनदा तीनदा उठून बोट ठेवायची. चालू आहे. झोपायची. परत उठायची. चालू आहे. पाळकसाहेबांना पायरीवर हेच सांगितलं की साहेब, मला प्रार्थना होत नाही, मी नुसतं हातावर बोट ठेवते, आणि तुम्ही लोक सांगता भरवसा ठेव, तर करू काय नक्की?

मला वाटलं आता वचन देतील. ते म्हणाले बायबलमधला मार्कचा दुसरा अध्याय वाच, चार माणसं. आणि म्हणाले सध्या तू खाटेवर आहेस, खाटेवरच्या माणसाने काही करायचं नसतं.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, कफर्णहूमात घर माणसांनी गच्च, दारातून जायला वाट नाही, म्हणून चौघांनी छप्पर उकरून पक्षघाती माणसाला खाटेसकट खाली सोडला. मी शंभरदा ऐकलेली, फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं लावून पोरांना शिकवलेली. पण तिथे लिहिलंय की येशूने 'त्यांचा' विश्वास बघितला. आजाऱ्याने विश्वास ठेवला की नाही ते लिहिलेलंच नाही. बोललाय का तो एक शब्द? नाही. कदाचित कंटाळला असेल, कदाचित म्हणत असेल सोडा रे बाबांनो मला, छप्पर कुणाचं फोडताय. आणि मला तर नेहमी त्या घरमालकाची दया येते, पण ते असो.

त्यानंतर पाळकबाई घरी आल्या, प्रार्थना केली पण अगदी दोन मिनिटं, आणि पर्समधून शाळेची दोनशे पानी वही काढली. विचारलं, सकाळी किती वाजता निघता, रिक्षाला किती लागतात, चार तास तू तिथे बसतेस तेव्हा मुलाचा डबा कोण करतं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. पुढच्या मंगळवारी सकाळी सहाला तरुण संघातला एक पोरगा दाराशी, काका चला. महिला मंडळातल्या एका मावशींनी डाळ-भाज्या कापून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं शिकून घेतलं, कारण यांना तसंच चालतं, आणि गुरुवारचा डबा त्यांच्याकडे लागला. ती वही चर्चच्या व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या खोलीतल्या, कपाटात असायची, वार, वेळ, नाव. 2020 मध्ये चर्च बंद झालं, उपासना मोबाईलवर आली, पण डायलिसिस कुठे बंद होतंय, तेव्हा त्या पोराने पोलिसांचा पास काढून नेआण केली. तो पोरगा प्रार्थनेत तोंड उघडत नाही कधी, साक्ष द्या, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांपुढे सांगा, म्हटलं तर मागच्या दाराने पळतो.

मला असं नाही म्हणायचं की वही आली आणि माझा विश्वास टुणकन उठून बसला. मिस्टरांची किडनी बरी झाली नाही. आजही मशीनवर आहेत. दिवसाला साधारण लिटरभर पाणी, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखून काढतात, आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाचा तो द्राक्षरसाचा एवढासा पेला घेऊन जागेवर आले की माझ्या कानात हळूच विचारतात, हा पण मोजायचा का गं आजच्या पाण्यात? दर वेळी. सात वर्षं हाच जोक.

अजून एक. माझी पणजी मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या केडगावच्या आश्रमात (दौंडजवळचं केडगाव, आमच्या नगरचं नव्हे, हा घोळ सगळे करतात). 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या त्यांतली ती एक, सहा-सात वर्षांची असेल. आमच्याकडे रमाबाईंवर भाषण झालं की तिथल्या विहिरी आणि शेकडो मुली सांगतात आणि आमेन म्हणतात. पण बाईंचं आयुष्य बघा ना. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा, पदरात तान्ही मुलगी. आणि तीच मनोरमा, आईच्या खांद्याला खांदा लावून सगळं काम बघणारी, 1921 मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या, आणि तोपर्यंत शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, साध्या मराठी भाषांतराचं काम चालूच. त्या 1921 वर कुठलाच वक्ता थांबत नाही. मला तर तिथेच थांबून बघावंसं वाटतं की त्या बाई सकाळी उठून टेबलाशी कशा बसल्या असतील.

आणि बायबलमधलं स्तोत्र 88 वाचा एकदा. 23 नको, ते आपल्याला झोपेतही येतं. 88 मध्ये शेवटी सगळं ठीक झालं असं नाहीच, अंधारावर संपतं ते, तरी ते देवालाच सांगितलंय आणि शास्त्रात ठेवलंय, कुणी कापलं नाही. म्हणजे रडगाणं गायलं तर विश्वास कमी, हे आपल्या लोकांनी कुठून काढलं देव जाणे. माझी प्रार्थना परत सुरू झाली ती याच स्तोत्राने, वाचून दाखवायचं आणि झोपायचं, स्वतःचं एक वाक्य न घालता. स्वतःची वाक्यं वर्षभराने आली.

तर तुमच्या 'नक्की करायचं काय' वर माझं उत्तर एवढंच. येत्या रविवारी मंडळीत 'आमच्यासाठी प्रार्थना करा' असं मोघम सांगू नका, त्यावर लोक हो हो म्हणतात आणि जेवायला घरी जातात. एक माणूस निवडा, बोलका नको, कामाचा निवडा, आणि त्याला एक काम सांगा. सासूबाईंच्या ऑपरेशनला रक्त लागणार असेल तर तरुण संघाला ग्रुप आणि तारीख कळवा, दवाखान्यात रात्री कोण झोपणार ते विचारा, मिस्टरांचा बायोडेटा कंपनीत असलेल्या दोघातिघांना द्या. लाज वाटेल. मला तर इतकी वाटायची की डब्याची भांडी घासून परत देताना त्यात साखर तरी घालून द्यायची. आणि तुमच्याकडे असं कुणीच नसेल तर पाळकांना स्पष्ट सांगा की मला वचन नको, माणूस पाहिजे. चांगला पाळक असेल तर राग येणार नाही त्यांना.

वही अजून चालू आहे, तिसरी आता. गेल्या वर्षीपासून त्यात बुधवारी माझं नाव आहे, एका आजींना केमोला न्यायचं असतं, त्या पूर्ण रस्ता देवाला शिव्या घालतात आणि मी गाडी चालवते. उद्या मात्र गुरुवार, आमचा नंबर, साडेपाचला उठायचंय. सासूबाईंचं ऑपरेशन कधी आहे ते कळवा.